पिवळगाल्यांचं माहेर

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. जुनी खुशाल म्हणा, पण फुटकी म्हणू नका. माझ्या डाव्या कोपऱ्यात वीतभर तडा आहे आणि त्यावर काळ्या डांबराचा ओघळ आहे. तो तुम्ही शाळेच्या पहिल्याच दिवशी पाहिलात आणि एकमेकांना कोपरानं ढोसून हसलात, हे मला ठाऊक आहे. काचेला सगळं दिसतं. त्या तड्याची गोष्ट ऐकलीत तर हसणार नाही, म्हणून आज ती सांगायचं ठरवलं आहे.

मी जन्मानं टाकी नाही. आधी मी खिडक्या होते. आपल्या मलावी सरोवरावर उत्तर-दक्षिण फेऱ्या मारणारी एक प्रवासी बोट होती, तिच्या जाड काचेच्या खिडक्या. तेव्हा पाणी माझ्या बाहेर असायचं. लाटा येऊन थोबाडीत मारून जायच्या आणि मी हूं की चूं करत नसे. पुढं ती बोट थकली. तिला किनाऱ्यावर ओढलं आणि लोकांनी तिचं लाकूड-लोखंड हाती लागेल तसं नेलं. कुणी तिचं दार कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं, कुणी तिच्या शिडीवर मासे वाळत घातले. खिडक्या मात्र कुणालाच नको होत्या. योसिया म्होने तेवढा आला आणि माझ्या पाच काचा गोणपाटात गुंडाळून पाठीवरून घरी घेऊन गेला.

योसियाला तुमच्यातल्या मोठ्यांनी पाहिलं आहे. आगोगो, आगोगो म्हणत त्याच्या मागं लागायचात. पण तो आजोबा होण्याआधी या काठावरचा सगळ्यात नावाजलेला पाणबुड्या होता, हे किती जणांना माहीत आहे? परदेशी मासे पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे त्यानं तीस वर्षं काढली. खाली जायचं, जाळं लावायचं, खडकांच्या फटींतले रंगीत म्बुना मासे हुसकायचे आणि वर आणून पिशव्यांत भरायचे. त्या पिशव्या विमानात बसून कुठल्या कुठल्या थंड देशांत जायच्या. मासे विमानात बसले, योसिया कधी बसला नाही. पाण्याच्या दाबानं त्याचा उजवा कान पार गेला, डावा अर्धा गेला. शेवटी दवाखान्यातल्या बाईंनी दम भरला, "आता पुन्हा खाली गेलात तर डाव्याचीही आशा सोडा." त्या दिवसापासून योसिया काठावर बसून राहू लागला.

काठावरून त्याला समोर पाणकावळ्यांचा खडक दिसायचा. त्या खडकाच्या पोटात एक मासा राहतो, अंगानं निळा आणि गालावर हळदीसारखा पिवळा. आपण त्याला पिवळगाल्या म्हणतो. तो तिथं आहे आणि जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठंही नाही. शेजारचा खडक हाकेच्या अंतरावर आहे, पण मधे खोल मोकळी वाळू पसरली आहे, आणि हे मासे खडक सोडून उघड्यावर जायला भितात. योसियानंच तरुणपणी पहिला पिवळगाल्या वर आणला. मग परदेशातून मागणी आली आणि त्यानं खोकीच्या खोकी भरून आणले. आता त्याचा जुना जोडीदार वेडसन, जो अजून बुड्या मारत होता, सांगायचा की अख्ख्या सकाळीत चार-पाच दिसले तरी नशीब.

"खडक मीच रिकामा केला," योसिया म्हणायचा. "मीच भरणार."

हे त्याच्या मनानं घेतलं होतं. खडकावरचे शेवटचे पिवळगाले संपायच्या आत काही घरी आणायचे, त्यांची पिल्लं वाढवायची आणि परत खडकावर सोडायची. त्यासाठी मी बनले. माझा अभिमान उगाच नाही.

घरात मात्र माझं स्वागत काही बरं झालं नाही. न्याकामांगा, योसियाची बायको, दारात बारीक उसिपा मासळी वाळत घालत होती. नवऱ्याला ती अहो म्हणायची, पण त्या 'अहो'त तिखट भरपूर असायचं.

"अहो, हे काय आणलंत?"

"टाकी. मासे ठेवायला."

"अख्खं तळं दारात पसरलंय, आणि यांना घरात तळं बांधायचंय!" ती शेजारणीकडे वळून म्हणाली. "उद्या छपरावर ढग बांधतील." शेजारणीची हसून हसून मुरकुंडी वळली, आणि संध्याकाळपर्यंत ते वाक्य गावभर झालं.

योसियाला अर्धंच ऐकू येत असल्यामुळे त्याला टोमणे अर्धेच लागायचे. त्यानं शांतपणे काचा जोडल्या, सिमेंटच्या विटांचा ओटा बांधला आणि मला त्यावर बसवलं. मग होडीतून पाणकावळ्यांच्या खडकाचेच दगड आणले. माझ्या तळाशी त्यानं जुन्या रबरी चपला पसरल्या, त्यांवर दगड रचले आणि सगळ्यात शेवटी वाळू ओतली. वेडसन बघत होता.

"आधी वाळू टाक ना, लेका. गादीवर ठेवल्यासारखे बसतील दगड."

"गादी हे मासे दोन दिवसांत उकरून काढतील," योसिया म्हणाला. "मग दगड थेट काचेतून बाहेर. घर बांधताना भिंत आधी की शेण आधी?"

त्यानं दगडांच्या अशा गुहा आणि गल्ल्या रचल्या की एका माशाला दुसऱ्याच्या नजरेआड होता यावं. म्बुना दिसायला देखणे, पण स्वभावानं महाभांडखोर. त्यातल्या नराला तर दुसऱ्याचं तोंड पाहवत नाही. म्हणून योसियानं आणखी एक गोष्ट केली, जिच्यामुळे गावाला वर्षभर पुरेल एवढी करमणूक झाली. त्यानं तळ्यातलं रिबिनीसारखं लांब पाणगवत आणलं आणि दगडांच्या फटींत, मुळं उकरता येऊ नयेत असं खोचून लावलं. आणि मग मासे आणलेच नाहीत! सहा आठवडे माझ्यात नुसतं पाणी आणि गवत. व्यापाऱ्याकडून मिळालेला जुना लहानसा पंप छपरावरच्या सौर पाटीवर चालायचा आणि बुडबुडे सोडायचा. येणारा-जाणारा डोकावून विचारायचा, "म्होने, मासे कुठंयत?"

"गवताला मूळ धरू दे. दगडांना शेवाळ चढू दे. घर तयार झाल्यावर पाहुणे."

"म्होने गवत पाळतो," असं मग लोक म्हणू लागले. न्याकामांगानं तर भर रस्त्यात विचारलं, "अहो, गवत छान वाढलंय, आता शेळी आणू का?"

मला राग यायचा. पण एक खरं सांगते, शिव्या देत देत का होईना, पाणी तीच आणायची. माझं थोडं पाणी एक दिवसाआड काढून नवं घालावं लागे, आणि डोक्यावर दोन खेपांत दोन बादल्या तीच वाहायची. योसियाच्या कानाला ओझं सोसत नव्हतं.

सहा आठवड्यांनी वेडसन खडकावर गेला. सकाळी गेला तो दुपारी परत आला, आणि बादलीत मासे होते फक्त सात. दोन नर, पाच माद्या. योसियानं बादलीत पाहिलं. एके काळी एका बुडीत तो याहून जास्त आणायचा. त्यानं बादली माझ्या पाण्यावर तरंगत ठेवली, हळूहळू माझं पाणी त्यांच्या पाण्यात मिसळू दिलं, आणि मग एकेकाला सोडलं. निळी अंगं, पिवळे गाल, हिरव्यागार गवतातून सळसळत गेले. त्या क्षणी मी खिडकी राहिले नाही, टाकी झाले.

पण सात म्हणजे फार थोडे. मोठ्या नरानं दुसऱ्याला आठवड्यात मारून टाकलं आणि मग त्याचा सगळा राग माद्यांवर वळला. दोन माद्याही गेल्या. योसिया म्हणायचा, टाकीत गर्दी असली की राग वाटला जातो, एकट्यादुकट्यावर बसत नाही. पण गर्दी आणायची कुठून? खडकावर पिवळगाले फारसे उरलेच नव्हते.

अशा वेळी एक दिवस गावप्रमुख लुहांगा भेटीला आले. सोबत माणूस, माणसाच्या हातात बादली. गावाला हसू येत असलं तरी प्रमुखांना हे गवताचं प्रकरण आवडलं होतं. बादलीत तीन नर होते, शेजारच्या खडकावरचे. अंग तसंच निळं, पण गाल पांढरे.

"म्होने," ते मोठ्यानं म्हणाले, योसियाला ऐकू जावं म्हणून, "तुमच्या मुलींना नवरे आणलेत. तिघे आहेत, चांगल्या घरचे आहेत. बघून घ्या."

आणि ते खुर्ची ओढून, मासे सोडताना बघायला माझ्यासमोर बसले.

दोन खडकांचे मासे एका पाण्यात ठेवायचे नसतात, हे योसियाइतकं कुणाला माहीत असणार? पण प्रमुखांनी आणलेली भेट नको म्हणायची, म्हणजे त्यांच्या दारात थुंकण्यासारखंच. त्यानं गुडघे वाकवून, दोन्ही हातांनी बादली घेतली आणि तिघांनाही माझ्यात सोडलं. प्रमुख खूश झाले, भाजलेल्या शेंगा खाल्ल्या आणि गेले.

त्याला वाटलं, दोन दिवसांनी गुपचूप वेगळे काढू. पण झालं उलटंच. तीन नवे आल्यावर आमचा भांडखोर नर त्यांच्याशी झुंजत बसला आणि माद्यांचा पिच्छा सुटला. टाकीत शांतता आली. माद्या खायला लागल्या, अंगानं भरल्या. योसियाला ती शांतता मोडवेना. तो रोज म्हणायचा, उद्या काढतो. मी त्याचा फार आदर करते, पण इथं तो चुकला, आणि चुकला हे मी सांगणार.

आपल्या या माशांची आई अंडी तोंडात धरते, हे तुम्हाला माहीत आहेच. एकामागून एक दोन माद्यांनी तोंडं भरली आणि त्यांनी चाळीस पिल्लं सोडली. योसियानं त्यांच्यासाठी दगड बारीक करून वेगळे बोळ रचले. पिल्लं बोटाएवढी झाली, अंगावर रंग चढू लागला. एके सकाळी तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. पिल्लांचे गाल पिवळे नव्हते, पांढरेही नव्हते. सायीसारखा मधलाच कुठला तरी रंग होता.

ही पिल्लं खडकावर सोडली असती तर उरलेसुरले पिवळगालेही त्यांच्यात मिसळून पुसले गेले असते. वर्ष वाया गेलं होतं. मधल्या काळात एक म्हातारी मादीही गेली होती. आता माझ्यात खऱ्या पिवळगाल्यांचा नर एक आणि माद्या दोनच.

योसियानं जेवण सोडलं. दोन दिवस न्याकामांगानं टोमणे मारून पाहिले, पण ते लागतच नाहीत हे पाहून ती घाबरली आणि त्याच्या डाव्या कानाशी जाऊन बसली.

"ते तीन नवरे प्रमुखांना परत देऊन या."

"भेट परत देतात का कुणी? तोंड कसं दाखवू?"

"भेट कुठं होती?" न्याकामांगा म्हणाली. "आठवा, ते काय म्हणाले होते. मुलींना नवरे आणलेत म्हणाले. बघून घ्या म्हणाले. म्हणजे स्थळ होतं! भेट नाकारता येत नाही, स्थळ नाकारता येतं. तुमच्या बहिणीसाठी आलेली चार स्थळं तुमच्या आईनं नाकारली, तेव्हा कुणी तलवार काढली का?"

"पण मग मध्यस्थ पाठवावा लागतो."

"मग मी कोण आहे?"

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतलं चितेंजे नेसली, काखेत पांढरी कोंबडी घेतली, डोक्यावर तिघा नवऱ्यांची बादली घेतली आणि प्रमुखांच्या अंगणात जाऊन गुडघे टेकून बसली. परत आल्यावर तिनं सगळं हातवारे करून सांगितलं, म्हणून मला माहीत. ती म्हणाली होती, "तुम्ही मोठे लोक, मुलं गुणी आहेत. खाण्यापिण्यात तर फारच गुणी आहेत. पण आमच्या मुली आपला खडक सोडून नांदणार नाहीत म्हणतात. आम्ही समजावलं, ऐकत नाहीत. ही कोंबडी घ्या आणि राग मानू नका." प्रमुखांच्या खांद्यांना गदगद सुटली आणि हसता हसता ठसका लागला. कोंबडी त्यांनी ठेवून घेतली. वेडसननं तिघा नवऱ्यांना त्यांच्या खडकावर पोचवलं. ती चाळीस पिल्लं वेडसनच्या अंगणातल्या हौदात गेली आणि डासांच्या अळ्या खाऊन सुखानं म्हातारी झाली.

आता पुन्हा तोच प्रश्न. एक रागीट नर, दोन माद्या. योसियानं पाणकावळ्यांच्या खडकावरचेच दुसऱ्या जातीचे दहा-बारा तपकिरी मासे आणवले, जे पिवळगाल्यांशी जोडी जमवणार नाहीत, नुसते गर्दीला. पण खरं वाचवलं ते गवतानं. तोपर्यंत ते असं माजलं होतं की मागच्या अर्ध्या भागात जंगलच झालं होतं. नर पाठलाग करत यायचा आणि मादी गवतात शिरली की बावळटासारखा इकडेतिकडे बघत राहायचा. म्होने गवत पाळतो म्हणणाऱ्यांनो, ऐकताय ना?

आणि मग त्या दोघींतल्या फाटक्या शेपटीच्या मादीनं तोंडात अंडी धरली. खऱ्या पिवळगाल्याची, निखळ. तिचा गळा फुगला, तोंड मिटलं, आणि ती गवताच्या मधोमध जाऊन थांबली. योसिया माझ्याजवळून चालतानाही चवड्यांवर चालायचा. या आईला धक्का बसला, कुणी जाळ्यानं पकडायला गेलं, तर भीतीनं ती अंडी टाकून देते, नाहीतर गिळते. अवघा खडक त्या एका तोंडात होता.

त्या दिवसाची गोष्ट आता सांगते. भर दुपार होती. योसिया मागच्या अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. चुलीवरून न्याकामांगानं कसाव्याच्या पिठाचा घट्ट, वाफाळता कोंडोवोले नुकताच खाली उतरवला होता आणि पाणी बदलायला दुसरी खेप घेऊन ती आत आली. उंबऱ्याला पाय अडला. लोखंडी बादली झुलली आणि तिची कड माझ्या डाव्या कोपऱ्यावर बसली.

बोटीवर असताना वादळांत जे झालं नव्हतं ते झालं. कट् असा आवाज झाला आणि माझ्या अंगात वीतभर रेघ धावली. रेघेतून पाणी चिळकांडी मारून बाहेर आलं. मित्रांनो, मला दुखतं की नाही ठाऊक नाही. पण आतलं पाणी चाललंय आणि आपण काही करू शकत नाही, हे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

"म्होने!" न्याकामांगा ओरडली. "अहो, म्होने!" अंगणात योसियाला अर्थातच काही ऐकू गेलं नाही. तिनं हातानं रेघ दाबली, बोटांमधून पाणी येतच राहिलं. तिनं चारी बाजूंना पाहिलं. मग एका ढांगेत चूल गाठली, पातेल्यातला कोंडोवोलेचा मोठा गोळा हातानंच उचलला आणि तसाच, वाफा निघत असलेला, माझ्या तड्यावर थापला. वरून तळहात दाबला. तिच्या तोंडून आवाज निघाला, पण हात निघाला नाही.

तुमच्या आया कोंडोवोले करतात. तो बोटाला किती चिकटतो ते तुम्हाला सांगायला नको. चिळकांडी थांबली.

थोड्या वेळानं योसिया आत आला. त्यानं रिकामं पातेलं पाहिलं.

"जेवण कुठंय?"

"टाकीला वाढलं," न्याकामांगा म्हणाली आणि रडायला लागली. "माझ्याच हातून फुटली हो. मीच बोलत होते ना, घरात तळं कशाला. माझ्याच हातून."

योसियानं जाळी उचलली, मासे बादलीत काढायला. मग त्याला गवतातली ती आई दिसली आणि त्यानं जाळी खाली ठेवली.

"हिला हलवता येणार नाही," तो म्हणाला. "हललं तर सगळं गेलं."

"मग मी हात काढत नाही. तुम्ही जा, वेडसनला आणा."

योसियानं आवाज न करता माझं अर्धं पाणी वाटीवाटीनं काढलं, म्हणजे तड्यावरचा भार कमी होईल, आणि होडी घेऊन निघाला. वेडसनचं घर खाडीच्या पलीकडे. जाऊन येईपर्यंत सूर्य खाली गेला. तेवढा सगळा वेळ न्याकामांगा माझ्यासमोर जमिनीवर बसून होती, हात भाजलेला, गोळ्यावर दाबलेला. तिच्या नाकापासून चार बोटांवर ती मासळी होती.

आयुष्यभर तिनं मासे पाहिले होते ते होडीत तडफडताना, शिडीवर वाळताना, नाहीतर ताटात. जिवंत माशाच्या डोळ्याला डोळा लावून ती कधी बसली नव्हती. तिनं पाहिलं, आईचा गळा मधेच हलतो आणि आत बारीक काळे ठिपके फिरतात. पिल्लांचे डोळे होते ते. तिनं पाहिलं, तपकिरी मासे दगडावरचं शेवाळ चरतात आणि आई त्यांच्याकडे बघते, पण तोंड उघडत नाही.

योसिया आणि वेडसन आत आले तेव्हा तिनं मान न वळवता विचारलं, "ही खात का नाही?"

"तोंड उघडलं तर पिल्लं बाहेर पडतील."

"किती दिवस?"

"तीन आठवडे. सतरा दिवस झाले."

"सतरा दिवस उपाशी!" न्याकामांगा संतापून म्हणाली. "बाळंतीण घरात सतरा दिवस उपाशी आहे, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

त्या दिवसानंतर गवत आणि शेळी हे शब्द त्या घरात कुणी उच्चारले नाहीत. वेडसननं होडीच्या फटी बुजवायचं डांबर आणलं होतं, जे ओल्यावरही धरतं. त्यानं माझ्या बाहेरून तड्यावर डांबर भरलं, वर काचेची पट्टी बसवली आणि म्हणाला, "होडीचीच काच ना, होडीचंच औषध." न्याकामांगाचा हात काढला तेव्हा त्याची कातडी सोलली होती. तिच्या तळहातावर तो डाग कायमचा राहिला, माझ्या अंगावर हा तडा.

चार दिवसांनी फाटक्या शेपटीच्या आईनं गवतात तोंड उघडलं. तेवीस पिल्लं. न्याकामांगानं चारदा मोजली, दर वेळी आकडा वेगळा आला, आणि तिनं सगळ्यात मोठा धरला. आठ महिन्यांनी त्यांच्या गालांवर पिवळा चढला, हळदीसारखा. दोन्ही आयांनी पुढच्या दोन वर्षांत आणखी पिल्लं दिली. सत्तर झाली तेव्हा योसिया म्हणाला, "आता."

मी तिथं नव्हते. ओट्यावरून टाकी उठून होडीत बसत नाही. पण त्या दोघांनी मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मी गेल्यासारखीच आहे. पहाटेचं निवांत पाणी होतं. वेडसननं बरण्या घेऊन बुडी मारली आणि मासे खडकाच्या पायथ्याशी, दगडांच्या सावलीत सोडले. योसियाला खाली जायची परवानगी नव्हती, म्हणून त्यानं आपला जुना पाणबुड्याचा चष्मा लावून होडीच्या काठावरून पाण्यात तोंड घालून पाहिलं. मग न्याकामांगा म्हणाली, "तो चष्मा मला द्या." साठ वर्षं या तळ्याचं पाणी वाहिलेल्या बाईनं पहिल्यांदा आपलं तोंड त्या पाण्यात घातलं. बराच वेळ ती वर आली नाही. आली तेव्हा नाकातोंडातून पाणी गळत होतं.

"म्होने, खाली तर गाव आहे! घरं आहेत, गल्ल्या आहेत! आणि आपल्या पोरांनी गेल्या गेल्या भांडणं सुरू केलीत!"

योसिया हसला आणि चष्मा लावून पुन्हा पाण्यात बघू लागला. चष्मा आतून भरत होता, असं न्याकामांगा म्हणाली. तळ्याचं पाणी नव्हतं ते.

पुढं काही वर्षं माझ्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. योसिया थकला, पंप बिघडला, मासे वेडसनकडे गेले. मी कोरडी पडले. एका कोंबडीनं माझ्यात अंडी घातली आणि ऐटीत बसली, आणि मला वाटलं, बाळंतपणं माझ्या नशिबाला लागलेलीच दिसतायत. योसिया गेला त्या पावसाळ्यानंतर न्याकामांगानं कोंबडीला हाकललं, मला राख लावून घासलं आणि तुमच्या बाईंना सांगितलं, "पोरं तळ्याकाठी राहतात आणि तळं फक्त वरून बघतात. ही शाळेत न्या." अशी मी तुमच्यात आले. दगड तेच आहेत. गवत त्याच गवताचं. आणि निळे पिवळगाले फाटक्या शेपटीच्या आईचे पणतू आहेत.

मित्रांनो, माझं म्हणणं फार मोठं नाही. काचेवर टकटक करू नका, आत कुणाच्या तोंडात पिल्लं असतील. कुणी प्रेमानं मासा आणून दिला तर दोन्ही हातांनी घ्या, पण कुठल्या खडकावरचा ते विचारल्याशिवाय माझ्यात सोडू नका. प्रमुखांनी दिला तरी नाही. आणि ज्या ठिकाणाहून काही उचलाल, तिथं परत काय ठेवणार आहात, हे उचलतानाच मनाशी ठरवा. योसियाला ते तीस वर्षांनी सुचलं. तुम्हाला आजच सांगून ठेवते.

दर शुक्रवारी न्याकामांगा तुमच्या वर्गात बादली घेऊन येते, ते तुम्ही पाहताच. एकच खेप आणते आता. मागच्या शुक्रवारी वेडसन तिला दारातच भेटला होता. ती आत आली, बादली खाली ठेवली, माझ्या तड्यावर तो डागाचा तळहात ठेवला आणि हळूच बोलली. माझ्याशी नाही, योसियाशी.

"ऐकलंत का? वेडसन खडकावर गेला होता. पिवळगाले मोजायला लागला आणि मोजता मोजता चुकला म्हणे."

तडा आता गळत नाही, मित्रांनो. तिलाही ते माहीत आहे. तरी ती हात ठेवते, तेवढा वेळ वर्गात गोंगाट करू नका.